‘सोबत कोण आहे?’

रुग्णालयात नाव घातल्यापासून घरी सोडेपर्यंत हा प्रश्न मला निदान दहा वेळा तरी विचारला गेला. केसपेपर काढताना, सोनोग्राफीच्या रांगेत, रक्त तपासायला देताना, दाखल होताना, सहीच्या वेळी. सोबत कोण आहे? दर वेळी आई पुढे व्हायची. “मी आहे, आई हिची.” मग तिच्या हातात काहीतरी टेकवलं जायचं. चिठ्ठी, पावती, रक्ताची नळी, बाळाच्या कपड्यांची यादी. आणि जिथं मला खरोखरच सोबत हवी होती, त्या एका दाराशी मात्र तिला अडवलं. “आजी, तुम्ही बाहेर बसा. आत कुणाला सोडत नाही.”

जून २०१८. ठाणे-बेलापूर पट्ट्यातलं एक रुग्णालय. नाव सांगत नाही. शेजारच्या दुसऱ्या कुठल्या रुग्णालयात नाव घातलं असतं तरी हा मजकूर फारसा बदलला नसता, हे नंतर मैत्रिणींशी बोलताना कळलंच. पहाटे पाणी गेलं. ऐरोलीत त्या पावसात रिक्षा मिळेपर्यंत कळा सुरू झाल्या होत्या. सहा वाजता आत घेतलं, मुलगी झाली संध्याकाळी पाचला. या अकरा तासांत डॉक्टरकीच्या अंगानं जे करायचं ते सगळं झालं, हे आधी सांगून टाकते. बाळाचे ठोके ऐकले जात होते, बीपी बघत होते, पिशवीचं तोंड किती बोटं उघडलं ते अधूनमधून तपासत होते. आम्ही दोघी धडधाकट घरी आलो. माझी तक्रार त्याबद्दल नाही.

आत पाच टेबलं होती. वर लोखंडी नळ्या, नळ्यांना पडद्याच्या कड्या, आणि पडदे नाहीत. कळ आली की मी माझ्या डोक्यावरच्या कड्या मोजायचे. चौदा होत्या. मोजून झाल्या की परत पहिलीपासून. पाणी मागितलं तर “आत्ता नको” म्हणाले. का नको, ते विचारायचं त्राण नव्हतं. आणि ज्यांना विचारायचं त्या सिस्टर एकट्या पाचही टेबलांना पुऱ्या पडत होत्या.

शेजारच्या टेबलावर एकोणीस-वीस वर्षांची मुलगी होती. नवरा रोजच्या मजुरीसाठी नाक्यावर उभा राहणारा, राहायला दिघ्याकडे, बोली भोजपुरी असावी. ती मोठमोठ्यानं ‘अम्मा’ म्हणून हाका मारायची. कुणीतरी तिला म्हणालं, “तेव्हा नाही ओरडलीस? आता कशाला गाव गोळा करतेस?” हे वाक्य इथं लिहिताना मला नवीन काही सांगतेय असं वाटत नाही. वाचणाऱ्यांपैकी कितीजणींनी ते ऐकलं असेल, कुणी स्वतः, कुणी शेजारच्या टेबलावरच्या बाईला बोललेलं. मला कुणी तसं बोललं नाही. मी मराठी, नोकरी करणारी, केसपेपरवर ‘पदवीधर’ लिहिलेली. हा फरक मला तेव्हाही कळला होता आणि मी गप्प राहिले होते, तेही नोंदवून ठेवते.

बाहेर जिन्याच्या पायरीवर आई बसली होती. तिनं थर्मासमध्ये तूप घातलेली भाताची पेज आणली होती. आतून किंकाळी आली की ती उठून दाराशी यायची, कारण ती कुणाची ते तिला कळायचं नाही. हे तिनं मला खूप नंतर सांगितलं. “तुझा आवाज मला ओळखता येईना,” म्हणाली. पेज तशीच घरी आली, आंबून.

मुलगी दोन वर्षांची झाल्यावर कुठल्याशा बैठकीत एका ओळखीच्या आशाताईंकडून मला कळलं, की प्रसूतीच्या वेळी बाईजवळ तिची एक सोबतीण असू द्यावी, अशी परवानगी केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयानं सरकारी रुग्णालयांसाठी २०१६ सालीच दिलेली आहे. २०१७ च्या डिसेंबरात प्रसूतीगृहं सुधारण्यासाठी ‘लक्ष्य’ नावाचा कार्यक्रम निघाला, त्यातही ही सोबत धरलेली आहे. आणि २०१८ च्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेनं बाळंतपणाच्या काळजीबद्दल ज्या शिफारशी केल्या, त्यांत प्रत्येक बाईला तिच्या पसंतीचं माणूस जवळ मिळावं, ही एक आहे. म्हणजे माझ्या आईला बाहेर बसवलं त्या जूनपर्यंत हे तीनही कागद निघालेले होते. त्यातला एकही त्या दारापर्यंत पोचला नव्हता.

माझं म्हणणं एवढंच आहे. बाळंतपण घरातून रुग्णालयात गेलं, ते योग्यच झालं. पण जाताना आपण सोबत उंबऱ्याबाहेर ठेवली, आणि ती आत आणायला डॉक्टर लागत नाही, यंत्र लागत नाही, फारसा पैसाही लागत नाही.

योग्यच झालं, हे जरा ठासून सांगावं लागतं, कारण हा विषय काढला की लगेच कुणीतरी ‘आमच्या आजीची बारा बाळंतपणं घरात झाली’ म्हणत पुढे येतं. बारा झाली आणि जगली किती, ते मात्र सांगत नाही. माझा जन्म जुन्नरकडच्या आमच्या घरात, सुईणीच्या हातचा. माझ्या मोठ्या मावशीचं पहिलं बाळही तसंच घरात झालं आणि आठव्या दिवशी अंग ताठ होऊन गेलं. धनुर्वात. नाळ कशानं कापली होती ते कुणी विचारलं नाही. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली ३८.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती, २०१९-२१ च्या पाहणीत हा आकडा ८८.६ वर गेला आणि महाराष्ट्रात ९४.७ वर. २००५ ची जननी सुरक्षा योजना, २०११ पासून सरकारी दवाखान्यांतलं मोफत बाळंतपण, गावोगावच्या आशाताई, सगळ्यांचा त्यात हात आहे. २०१८ ते २०२० या काळात महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या, देशाचा आकडा ९७ होता. मला बाजेवर परत जायचं नाही.

पण त्या घरातल्या खोलीत एक गोष्ट होती. बाई एकटी नसायची. सुईण समोर, आणि एक कुणीतरी, थोरली जाऊ, चुलती, शेजारीण, तिला मागून धरून पाठीशी बसलेली. पाठीशी असणं हा आपल्याकडे वाक्प्रचार झालाय. त्या खोलीत तो अक्षरशः खरा होता. आई सांगते, तिच्या वेळी माझी आत्या तशी बसली होती आणि कळ आली की आईच्या आधी आत्याच दात-ओठ खायची. आईला हसू यायचं, त्या अवस्थेतही. आपली भाषाही बघा, बाळंत झाली याला ‘सुटका झाली’, ‘मोकळी झाली’ म्हणते. अडलेल्या माणसाला कुणी एकटं सोडत नाही, एवढी समज त्यात गृहीत आहे.

आता हे सगळं नुसतं मायेचं बोलणं आहे, असं कुणी म्हणू नये म्हणून सांगते. बाळंतपणात सतत कुणी जवळ असलं तर काय फरक पडतो, यावरचे अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं एक आढावा घेतला. १७ देशांतले २६ अभ्यास, पंधरा हजारांवर बायका. ज्यांच्याजवळ सोबत होती त्यांची बाळंतपणं आपसूक, नैसर्गिक होण्याचं प्रमाण जास्त, कळांचा काळ थोडा कमी, सीझर कमी आणि त्या अनुभवाबद्दलची कडवट भावनाही कमी निघाली. कारण समजायला अवघड नाही. भीतीनं अंगात जे काही उसळतं ते कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या आड येतं. कळा मंदावतात. मग कळांचं सलाईन लावतात, त्यानं कळा एकदम अंगावर येतात, बाई आणखी घाबरते. हे चक्र तोडायला कधीकधी ओळखीचा एक हात पुरतो. मला तो दोन मिनिटांपुरता मिळाला होता. फरशी पुसायला आलेल्या मावशींनी पोछा भिंतीला टेकवून माझा हात धरला आणि म्हणाल्या, “सोड श्वास, सोड, धरून ठेवू नको.” डॉक्टरांचं नाव मला आज आठवत नाही. मावशींच्या हाताला फिनेलचा वास होता, तो आठवतो.

बाळंतपणानंतरचे पहिले दोन तास तर त्याहून नाजूक. आपल्या देशात माता दगावण्याचं मोठं कारण म्हणजे बाळंतपणानंतरचा रक्तस्राव, आणि तो सुरू होतो गुपचूप. सिस्टर पुढच्या टेबलाकडे वळलेल्या असतात. अशा वेळी उशाशी बसलेली बाई “सिस्टर, हिचं कापड जास्तच भिजतंय” एवढं म्हणू शकते. बाळाला पहिल्या तासात अंगावर पाजावं, हे भिंतीवरच्या प्रत्येक तक्त्यावर लिहिलेलं असतं. त्याच २०१९-२१ च्या सर्वेक्षणात देशात ४१.८ टक्केच बाळांना पहिल्या तासात दूध मिळालेलं दिसतं. दवाखान्यात जन्म ८९ टक्के आणि पहिल्या तासात दूध ४२ टक्के. मधली दरी सूचनांच्या कमतरतेची नाही. टाके घातलेल्या, थरथरणाऱ्या बाईच्या छातीशी बाळ नीट धरून द्यायला कुणीतरी मोकळं असावं लागतं.

डॉक्टर आणि सिस्टर यांच्या हरकती मी ऐकल्या आहेत. त्या सगळ्या खोट्या नाहीत.

पहिली गर्दीची. एकीला आत सोडलं की तिघी येतात, म्हणतात. नियम एकीचाच आहे, तो दारावर पाळता येतो. आज ‘कुणीच नाही’ हा नियम पाळला जातोच ना? जंतुसंसर्गाची भीती म्हणाल तर २०१६ च्या सूचनांतच लिहिलंय, की सोबतीणीला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, तिनं कर्मचाऱ्यांच्या कामात लुडबूड करू नये, दुसऱ्या बाईकडे जाऊ नये. स्वच्छ गाऊन आणि चपला बाहेर, यात न जमण्यासारखं काय आहे?

दुसरी हरकत मारामारीची, आणि ती मी हसण्यावारी नेणार नाही. नातेवाइकांनी डॉक्टरांवर हात टाकायचे प्रकार आपल्या राज्यात इतके झाले, की २०१० मध्ये त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. पंचवीस वर्षांच्या निवासी डॉक्टर मुलीला रात्री अडीच वाजता दहा-पंधरा जणांच्या घोळक्याला बाहेर जाऊन वाईट बातमी सांगावी लागते, तेव्हा तिच्या पोटात काय होत असेल? पण तो घोळका तापतो कशानं, तेही बघा. सात-आठ तास बंद दाराकडे बघत बसलेल्या माणसांना आत काय चाललंय याचं अवाक्षर कळलेलं नसतं, आणि एकदम दार उघडून सांगतात की बाळाचे ठोके गेले. घरातली एक बाई आत असती, डॉक्टर कशी धडपडली हे तिनं डोळ्यांनी पाहिलं असतं, तर बाहेर येऊन तिनंच चार जणांना आवरलं असतं. नेहमीच आवरलं असतं असं नाही. पण बंद दार डॉक्टरांचं रक्षण करतं, हा समज मला पटत नाही.

तिसरी हरकत खरी वजनदार आहे: बाकीच्या बायकांची लाज. पाच टेबलं, मध्ये आडोसा नाही. माझी आई आत आली असती तर तिला ती भोजपुरी मुलगी उघडी दिसली असती. हे मान्य. पण मग ही हरकत सोबतीविरुद्ध आहे की पडदे नाहीत याविरुद्ध? ती मुलगी मला दिसतच होती, मी तिला दिसत होते, सलाईनची बाटली घेऊन आलेल्या वॉर्डबॉयला आम्ही दोघी दिसत होतो. आमच्या लाजेची काळजी फक्त आईला अडवतानाच आठवली.

खासगीकडे काय चालतं तेही सांगते, कारण माझं दुसरं बाळंतपण २०२२ मध्ये ठाण्यात घोडबंदर रोडच्या एका खासगी रुग्णालयात झालं. तिथं दाखल होण्याआधीच पॅकेजचा कागद समोर ठेवतात. जनरल वॉर्ड, ट्विन शेअरिंग, डिलक्स, आणि सगळ्यात वर ‘बर्थिंग स्वीट’, ज्यात नवऱ्याला पूर्णवेळ आत थांबता येतं. डिलक्समध्ये दारापर्यंत. म्हणजे संसर्ग, गर्दी, मारामारी, लाज या सगळ्या हरकती काही हजार रुपये जास्त भरले की मिटतात! सोबत ही एसी आणि सोफ्यासारखी खोलीतली एक सोय झाली, ज्याला परवडेल त्यानं घ्यावी. आम्ही घेतली. कर्ज काढलं नाही, पण दिवाळी साधी केली.

नवऱ्यानं आत येऊन केलं काय? फारसं काही नाही. रुमाल ओला करून दिला, पाणी पाजलं, मोबाईलवर कळांमधलं अंतर लिहीत बसला, त्यातही दोनदा चुकला. पण दुपारी डॉक्टर म्हणाल्या, “बाळाचे ठोके उतरताहेत, सीझर करू या,” तेव्हा त्यानं “थांबता येईल का थोडं?” एवढं विचारलं. डॉक्टरांनी पट्टा दाखवला, ठोके कुठं खाली जातात आणि वर यायला किती वेळ घेताहेत ते समजावलं. दोन मिनिटं लागली असतील. सीझर झालंच. त्यामुळे सोबत असली की सीझर टळतं, असं सरळ गणित मी मांडणार नाही. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात देशात खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के बाळंतपणं सीझरनं झालेली दिसतात आणि सरकारीत १४.३ टक्के. त्यामागं फीचं, वेळेचं, कोर्टाच्या भीतीचं, कधी बायकांच्या स्वतःच्या धास्तीचं गणित असतं. नवरा उशाशी बसल्यानं ते सुटत नाही. फरक एवढाच पडला, की माझं पोट का कापलं ते मला ठाऊक आहे. पहिल्या वेळी खाली कट दिला होता तो का दिला, ते आजही ठाऊक नाही. सरसकट प्रत्येकीला असा कट देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आता सरकारी सूचनेबद्दलच एक तक्रार. तिच्यात म्हटलंय की सोबतीण ही नात्यातली बाई असावी, शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली, आणि जिथं आडोशाची सोय आहे तिथं नवऱ्यालाही घेता येईल. जुन्नरला हे ठीक आहे. नवी मुंबईत? हे शहरच बाहेरून आलेल्यांनी भरलंय. दिघा, तुर्भे, घणसोलीच्या चाळींत परभणी-यवतमाळपासून सुलतानपूर-कलबुर्गीपर्यंतच्या मुली राहतात. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज ज्यांच्या माहेरी दवाखानाच धड नाही त्यांना परवडत नाही. त्यांची आई इथं येऊ शकत नाही, सासू येत नाही, नणंद कुठली? असते ती शेजारीण, नाहीतर नवरा. त्या दिघ्याच्या मुलीचा नवरा आईच्या शेजारीच पायरीवर बसला होता. आईनं आपल्या डब्यातली अर्धी भाकरी त्याला दिली. नियमाच्या दृष्टीनं तो आत यायला नालायक, आणि आख्ख्या शहरात तिचं म्हणावं असं तेवढं एकच माणूस. शहापूर-मुरबाडकडून अडलेली बाई पुढे पाठवतात, तेव्हाही अँब्युलन्समध्ये एखादंच माणूस बसतं, कधी गावची आशाताई. ती दोन-दोन तास धक्के खात ठाण्यापर्यंत हात धरून आणते आणि दाराशी तिलाही सांगतात, बाहेर बसा. म्हणून ‘नात्यातली बाई’ हा शब्द काढून ‘तिला हवं ते माणूस’ एवढंच लिहावं. कुणी नकोच असेल तर तेही तिनं सांगावं. काहीजणींना सासू उशाशी असण्यापेक्षा चौदा कड्या बऱ्या!

आमच्या सोसायटीत तीन घरी काम करणारी परभणीकडची एक मुलगी आहे. नववा लागलाय. तिची आई पेरण्या सोडून येऊ शकत नाही, नवरा रात्रपाळीला सुरक्षारक्षक. तिनं मला विचारलं, “ताई, तुम्ही याल का आत?” मी २०१६ च्या सूचनेचा कागद छापून घेतला आणि तिचं नाव घातलंय तिथं गेले. तेच रुग्णालय. सिस्टर वेगळ्या, बोलायला चांगल्या. त्यांनी कागद सगळा वाचला. म्हणाल्या, “मॅडम, मला बरंच आहे की. माझे दोन हात वाढतील. पण आत पडदे नाहीत, बाकीच्या पेशंटचं काय?” पडदे कुठं आहेत, विचारलं. धुवायला गेलेत. मी म्हटलं, कापड मी आणून देते, शिवूनही देते. त्या म्हणाल्या, वस्तू देणगी म्हणून घ्यायची तर वरून मंजुरी लागते, अर्ज द्या. अर्ज दिला. आवक क्रमांक पडला. मुलीची तारीख वीस दिवसांवर आहे.